अर्जाचं लुगडं

वाशीमला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, तेव्हा ज्या घरात मी खोली घेतली तिथला मालक भाडेकरूशी तोंडानं भांडत नसे. त्याचं सगळं लेखी. राहायला गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी अंगणात दात घासत होते, तर हे गृहस्थ समोर येऊन उभे. बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, कानावर टाक आणि हातात दोन कागद. एक मला दिला, दुसऱ्यावर 'पोचला' म्हणून सही मागितली. आत लिहिलं होतं, "भाडेकरू नामे मास्तरीणबाई यांस कळविण्यात येते की, विहिरीवरील बादली वापरानंतर पालथी न ठेवल्यामुळे तीत कावळ्याने तोंड घातले असून, सदर प्रकार पुन्हा घडल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी आपणांवर राहील."

"अहो, दोन पावलांवर राहता," मी म्हटलं, "हाक मारून सांगायचं की!"

"बाई, हाकेले पुरावा नसते," ते म्हणाले आणि सहीचा कागद फुंकर मारून वाळवत निघून गेले.

हे आमचे मुन्शीजी. कचेरीच्या आवारातल्या कडुनिंबाखाली तरटावर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं गाऱ्हाणं सरकारी भाषेत घालून देणारा, सरकारमान्य अर्जनवीस. तेव्हा वाशीम म्हणजे अकोला जिल्ह्यातला एक तालुका, पण कचेरी मोठी, मॅजिस्ट्रेट मोठे, आणि वकील तर विचारूच नका. वकील व्हरांड्यात खुर्च्यांवर बसत आणि मुन्शीजींना 'निंबाखालचा बॅरिस्टर' म्हणत. मुन्शीजी वरून हसत. पण ते बोलणं त्यांना किती लागत होतं, ते पुढे कळलं, आणि कळलं तेव्हा सगळ्यांनाच महागात पडायची वेळ आली होती.

बायकापोरांचे अर्ज ही त्यांची खासियत. टाकलेल्या, मारलेल्या, सवत आणलेल्या, दिरांनी घराबाहेर काढलेल्या अशा बाया मंगरूळपीर, मालेगावपासून त्यांचं नाव विचारत येत. त्यांच्या प्रत्येक अर्जाची सुरुवात ठरलेली: "अर्जदार ही अबला, निराधार व सुमारे तीस वर्षे वयाची असून..." बाई कोणीही असो, वय सुमारे तीस. एकदा काठी टेकत एक म्हातारी आली आणि तिच्याबरोबर तिची नात. दोघींचे वेगवेगळे अर्ज, दोघी तिशीच्या. मला राहवलं नाही, मी विचारलं.

"तुमाले साहेबलोक ठाऊक नाहीत, बाई. तिशीच्या खाली लिहिलं तं साहेब म्हनते, तरनी हाय, कमावून खाईल. वर लिहिलं तं म्हनते, आता राह्यले किती दिवस! तिशीवर दया येते."

"पण खरं वय?"

"खरं वय बाईले तरी कुठं ठाऊक असते? अन् आपून कायले इचारा?"

अर्ज लिहून झाला की, कचेरीत असो वा सुट्टीच्या दिवशी घरच्या ओसरीवर, ते तो बाईला वाचून दाखवत. काय वाचायचे! आवाज कापायचा, मध्येच थांबायचे, उपरण्यानं डोळे पुसायचे. आपल्यावर इतकं दुःख कोसळलंय हे ऐकून बाई हमसून रडायला लागे, आजूबाजूचे पक्षकार रडत, खुद्द मुन्शीजींच्या गालावरून खरी आसवं ओघळत. मग एकदम कोरड्या आवाजात, "हं, आता अंगठा." खोटं नाही सांगत, त्यांची आसवं खरी होती. जगातल्या समस्त स्त्रीजातीसाठी या माणसाच्या पोटात माया होती. अट एकच, ती स्त्री अर्जात असली पाहिजे.

घरी एक स्त्री होती, ती अर्जात नव्हती. त्यांची बायको, आमच्या काकू. नऊ वर्षांची असताना या घरात आलेली. बाई इतकी गप्प, की पहिला महिनाभर मला वाटलं बिचारीला वाचाच नाही. काकूंनी मीठ संपलं म्हटलं की मुन्शीजी म्हणत, "लेखी दे." काकूंना कुठलं लिहायला येतंय? मग त्यांची मुलगी कुसुम पाटीवर 'मीठ' लिहून आणायची, मुन्शीजी त्यावर 'मंजूर' असा शेरा मारायचे, आणि मग मीठ. ही कुसुम माझ्या वर्गात होती, वय बारा. गणितात अशी पक्की, की मी फळ्यावर चुकले तर हात वर न करता नुसती भुवई उडवायची.

आता मुख्य गोष्ट सांगते, ते लुगडं.

मुन्शीजींच्या माजघरात एक लोखंडी पेटी होती आणि तिच्यात एक जुनं तांबडं लुगडं. खांद्यावर ठिगळ, पदराला ठिगळ, काठ विरलेला. तारखेच्या दिवशी अर्जदार बाई सकाळी घरी येई, काकू तिला ते लुगडं देत, ती ते नेसून कोर्टात जाई, आणि संध्याकाळी परत करी. कारण काय, तर साहेबाला धड लुगड्यातली बाई निराधार वाटत नाही! गावाकडची बाई, कोर्टात जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून येते. तिला काय ठाऊक, की सरकारी दयेला फाटका पोशाख लागतो? सारे या लुगड्याला 'अर्जाचं लुगडं' म्हणत. परत आलं की काकू ते धूत. "नीळ घालू नको, चमक येते," अशी मुन्शीजींची ताकीद होती. ते नुसत्या पाण्यातून काढायचं आणि सावलीत वाळवायचं. हे लुगडं मूळचं कोणाचं, असं त्या घरात राहूनही मी कधी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

त्या लुगड्यानं एकदा चांगलीच फजिती केली. शेलूबाजाराच्या बाजारात भजी तळणारी एक बाई आली, गिरजाबाई. अशी धिप्पाड, की कडुनिंबाखाली उभी राहिली तर अर्धी सावली तिनंच व्यापली. नवऱ्यानं दुसरी आणून ठेवली होती. मुन्शीजींनी अर्ज वाचायला सुरुवात केली, "अर्जदार ही अबला..." तोच ती उसळली.

"अबला कोन?"

"तुमी."

"मुन्शीजी, त्या मेल्याले म्या दोनदा झाऱ्यानं झोडपलं हाय. खोटं काहून लिहून राह्यले?"

"अवं बाई, हळू बोल! कायदा अबलेले वाचवते. झोडपनाऱ्या बाईले कोन वाचवीन?"

"मंग कायद्याले म्हना, माह्यासारख्या बाईले बी न्याय लागते."

शेवटी कसंबसं तिला अबला व्हायला तयार केलं आणि अर्जाच्या लुगड्यात कोंबलं. ते तिच्या पोटऱ्यांपर्यंत येऊन संपलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्मा सारखा केला, ठिगळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे लुगडं मी मागच्या आठवड्यात पाहिलंय. त्यात दुसरी बाई होती."

दारात उभे असलेले मुन्शीजी हात जोडून म्हणाले, "हुजूर, गरिबीचं ठिगळ सगळीकडे सारखंच असते."

कोर्ट हसलं, साहेबही हसले, आणि गिरजाबाईला इतका संताप आला की ती खरोखरच रडली. हुकूम तिच्या बाजूनं झाला. त्या दिवशी मुन्शीजींनी मला सांगितलं, "पाहा बाई, कायदा आंधळा नसते. त्याले फक्त लुगडं दिसते."

मी हे आमच्या महिला मंडळात हसत हसत सांगितलं होतं. हो, मी महिला मंडळात भाषणं करत असे. हिंदू बायकांसाठी नवे कायदे होत होते ते दिवस. 'कायदा आणि स्त्री' या विषयावर मी तासभर बोलले, टाळ्या पडल्या. त्या भाषणाची टिपणं मुन्शीजींनीच काढून दिली होती, बालविवाहाच्या कायद्यावर तर चार पानं. मुलीचं लग्न पंधराच्या आत लावणं म्हणजे कोवळं रोप उपटणं आहे, असं त्यात होतं. ते वाक्य मला फार आवडलं होतं, मी ते दोनदा म्हटलं.

त्यानंतर दोन महिन्यांत मुन्शीजींनी कुसुमचं लग्न ठरवलं.

मुलगा, म्हणजे त्याला मुलगा म्हणायचं झालं तर, अकोल्याचा वकील. बिजवर, चाळिशीला टेकलेला. हुंडा नको म्हणाला. मुन्शीजी त्या दिवसांत जमिनीवरून चालत नव्हते. व्हरांड्यातल्या खुर्च्यांसमोरून जाताना मुद्दाम जोडे वाजवत. निंबाखालच्या बॅरिस्टरचा जावई खुर्चीतला वकील! लग्न वाशीमला नाही, जऊळक्याला, मुन्शीजींच्या शेतावर. वऱ्हाड अकोल्याहून गाडीनं येणार, वाशीमच्या आधीच्या जऊळका स्टेशनात उतरणार, आणि अक्षता पडेपर्यंत गावात कोणाला पत्ता लागणार नाही. दोन कायदेपंडितांनी मिळून आखलेलं काम, त्यात खोट कुठून असणार?

मी धीर करून विचारलं, "मुन्शीजी, कायदा?"

"कायदा मले शिकवता, बाई?" ते रागावले नाहीत, उलट समजावून सांगायला लागले. "पंधराच्या आत लगन लावनं गुन्हा हाय, मान्य. पन लागलेलं लगन त्यानं मोडत नाही. अन् लागायच्या आधी कोर्ट कवा अडवीन? कोनी तक्रार केली तं. आता सांगा, या कचेरीत बायकापोरांच्या तक्रारी कोन लिहिते?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी."

"आणि ते कोवळं रोप?"

"ते भाषन होतं, बाई," ते म्हणाले. "हे घर हाय."

मी काय केलं? काही नाही. चार दिवस गप्प बसले. खोली जाईल, शाळेत बोभाटा होईल, परक्याच्या घरात तोंड कशाला घाला, असं सगळं मनाला सांगून झालं. टाळ्या घेताना जो आवाज निघाला होता, तो कुठे गेला होता कोण जाणे. आजही त्या चार दिवसांची मला लाज वाटते. कुसुम शाळेत येत होती, भुवई मात्र उडवत नव्हती.

पाचव्या दिवशी मुन्शीजी कचेरीत गेल्यावर काकू माझ्या खोलीत आल्या. पहिल्यांदाच. उंबऱ्यातच बसल्या.

"बाई, एक इचारू? थे कायदा म्हनतेत, तो खरा असते, का नुसता कागदावर असते?"

"खरा असतो, काकू."

"मंग माह्या पोरीले लागू हाय का?"

मी होकारार्थी मान हलवली. काकू उंबरा ओलांडून आत सरकल्या. मग बोलल्या, आणि ती गप्प बाई इतकं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. "कुसुमच्या आधी माही तीन लेकरं गेली. लोक म्हनत, बाहेरचं हाय, नजर हाय, देवीचा कोप हाय. पोहरादेवीले नवस केले. कायचा कोप अन् कायचं काय! मीच लेकरू होती, बाई. लेकराले लेकरू कसं जगवता येईन? कुसुमचं मी होऊ देनार नाही. तू अर्ज लिही."

"मी? काकू, मला कुठे येतो अर्ज?"

"रोज आयकते ना तू? मलेही पाठ हाय." आणि त्या बाईनं डोळे मिटून म्हणायला सुरुवात केली, "अर्जदार ही अबला, निराधार..."

मी लिहिला. मुन्शीजींच्याच भाषेत, कारण दुसरी भाषा मला येत नव्हती. सवयीनं 'सुमारे तीस वर्षे वयाची' हेही लिहून गेले. कलम कुठलं टाकायचं ते त्यांच्याच टिपणांतून शोधलं आणि चुकीचं टाकलं. काकूंनी मुन्शीजींच्याच शाईच्या डबीत अंगठा बुडवला.

पुरावा माझ्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात होता. आमच्या रजिस्टरात सगळ्या मुली एक जुलैला जन्मलेल्या. आईबाप म्हणायचे, "मोठा पूर आला त्या साली" किंवा "ज्वारी हुरड्यावर होती तवा," आणि हेडमास्तर एक जुलै लिहून मोकळे. एकाच मुलीची जन्मतारीख खरी होती. कुसुमच्या नावापुढे दिवस, महिना, साल, सूर्योदयापूर्वी तीन घटका, आणि सोबत डकवलेलं स्टॅम्पवरचं प्रतिज्ञापत्र. मुन्शीजींनी नाव घालताना हट्टानं जोडलेलं. "माह्या पोरीचा कागद पक्का पाह्यजे," असं म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पेटी उघडली आणि ते लुगडं स्वतः नेसल्या.

आवारात शिरताना पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मी रजिस्टर घेऊन दहा पावलं मागे. मुन्शीजी निंबाखाली कोणाचा तरी अर्ज लिहीत होते. त्यांनी मान वर केली, लुगडं ओळखलं, आणि त्यांना वाटलं, कोणीतरी अर्जदार घरून लुगडं घेऊन आली आहे. ते सवयीनं उठून आले आणि शिकवायला लागले.

"पदर आनखी थोडा खाली घे, बाई. साहेबानं इचारलं तं हळू बोल, पन शब्द खाऊ नको. रडायचं, पन सुरुवातीले नाही. अन् घाबरू नको, कायदा तुह्या बाजूनं हाय."

पदराखालून मान हलली. मुन्शीजी समाधानानं परत तरटावर जाऊन बसले. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही आवरत नव्हतं.

कोर्टात साहेबांनी अर्ज वाचला. कपाळाला आठ्या पडल्या. "निराधार लिहिलंय. नवरा वारला का?"

"नाही, साहेब. हाय."

"मग निराधार कशा?"

"तो हाय म्हनूनच," काकू म्हणाल्या.

आवाज ओळखीचा वाटला असावा. दारात मुन्शीजी येऊन उभे राहिलेले मला दिसले. रोजच्यासारखे आपल्या अर्जदाराचं कसं काय चाललंय ते बघायला आले होते.

साहेबांचं लक्ष ठिगळाकडे गेलं आणि ते वैतागले. "पुन्हा हेच लुगडं! तुम्ही सगळ्या मिळून कोर्टाची थट्टा लावली आहे का? आज कोणाकडून मागून आणलंत हे?"

काकूंनी पदर मागे घेतला. पार खांद्यापर्यंत. भर कोर्टात मी त्या बाईचा चेहरा पहिल्यांदा पुरता पाहिला.

"मागून नाही आनलं, साहेब. हे लुगडं माहं हाय. माह्या मायनं देल्लं, पयल्या बाळंतपनाले. फाटलं तं ठिगळं मीच लावली. मंग यायनं ते पेटीत ठेवलं अन् साऱ्या जगातल्या बायायले नेसाले देलं. त्या साऱ्या मागून नेसत होत्या. मालकीन मी हाय. आज माह्या पोरीसाठी मीच नेसली."

कोर्टात कोणी हसलं नाही. काकूंची नजर दाराकडे गेली, तशी साहेबांनीही तिकडे पाहिलं. "मुन्शी, इकडे या. मुलीचं वय काय?"

मुन्शीजी पुढे आले. तोंड उघडलं आणि सवयीचा शब्द बाहेर आला, "सुमारे..." आणि तिथेच अडकले. मी रजिस्टर उघडून साहेबांसमोर ठेवलं. साहेबांनी ते प्रतिज्ञापत्र मुन्शीजींकडे सरकवलं. "हा कागद तुमचाच ना? बरोबर आहे की खोटा?"

खोटा म्हटलं असतं तर कदाचित सुटले असते. वकील जावई, खुर्च्यांसमोरून वाजणारे जोडे, सगळं त्या एका शब्दावर होतं. मुन्शीजींनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, स्टॅम्प पाहिला, सही पाहिली. पन्नाशीच्या त्या माणसानं सगळं आयुष्य कागदावर काढलं होतं. स्वतःच्या हातच्या निर्दोष कागदाला खोटा म्हणणं त्यांच्याच्यानं होईना.

"अक्षर न् अक्षर बराबर हाय, हुजूर," ते म्हणाले.

लग्नाला मनाई झाली. अकोल्याला तार गेली. वकीलसाहेब कायदा जाणणारे, जऊळक्याला उतरलेच नाहीत. सहा महिन्यांत त्यांनी दुसरीकडे लग्न उरकलं म्हणे. त्या मुलीच्या आईला अर्ज पाठ नसावा. कुसुम मॅट्रिक झाली, पुढे अकोल्याला शिकली, आणि एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. माझ्या चुका अजून काढते.

ते लुगडं त्यानंतर कोणाच्या अंगावर दिसलं नाही. काकूंनी ते कापून वाकळेत शिवलं. बाया मागायला आल्या की म्हणायच्या, "ज्या लुगड्यात आली त्याच लुगड्यात जा वं माय. साहेबाले आता माहीत हाय."

आणि मुन्शीजी? दोन दिवस ते निंबाखाली गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराच्या फटीतून दोन कागद आत सरकले. पहिला कागद नोटीस होता: भाडेकरूने आठ दिवसांत खोली खाली करून द्यावी. मी तो घेऊन काकूंकडे गेले. त्या चुलीपाशी भाकरी थापत होत्या. "लेखी हाय ना?" म्हणाल्या. "मले वाचता येत नाही. ऱ्हाय तू." मी आणखी पाच वर्षं राहिले.

दुसरा कागद म्हणजे मी लिहिलेल्या अर्जाची नक्कल, कोर्टाकडून त्यांना मिळालेली. तिच्यावर लाल शाईनं दुरुस्त्या केल्या होत्या. चुकीचं कलम खोडून बरोबर कलम टाकलं होतं. माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. 'सुमारे तीस वर्षे' यावर काट मारून वर लिहिलं होतं, 'वय वर्षे छत्तीस, महिने चार'. बायकोचं खरं वय त्यांनी त्या दोन दिवसांत कधीतरी तिला विचारलं असणार. 'अबला' हा शब्द दोन रेघा मारून पुरता खोडला होता.

'निराधार' या शब्दापाशी लाल शाईचा एक ठिपका होता. टाक तिथे टेकला असावा, आणि बराच वेळ टेकून राहिला असावा. तो शब्द मात्र त्यांनी तसाच ठेवला होता.